सर्वधर्म संमेलनं भरवणाऱ्यांना खुलं पत्र: मंचावर कोणाला बसवताय ते जरा बघा

सर्वधर्म संमेलनं, शांती परिषदा, सामूहिक प्रार्थना भरवणाऱ्या तमाम आयोजक मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

अशा कार्यक्रमांमध्ये मी बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून राबलेय, खुर्च्या लावण्यापासून वक्त्यांच्या याद्या टाइप करण्यापर्यंत सगळं केलंय, त्यामुळे तुमच्या समित्यांमध्ये काय चालतं ते मला बऱ्यापैकी माहितीये. एक वाद दर वेळी ठरलेला. कुठल्यातरी नव्या गटाचं पत्र येतं की आम्हालाही मंचावर जागा द्या, त्यांच्या माहितीपत्रकावर ओम, क्रॉस, चंद्रकोर, धम्मचक्र सगळं एका ओळीत छापलेलं असतं, खाली संस्थापकांचा हसरा फोटो, आणि लगेच समितीत दोन तट पडतात. एक जण म्हणतो अहो हा सरळसरळ कल्ट आहे, माणसांना मुठीत ठेवणारा पंथ, बघा ना सगळे एकसारखे कपडे घालून फिरतात, काहीतरी भलतेच मंत्र म्हणतात. दुसरा म्हणतो छे हो, ते तर सगळे धर्म एकच आहेत म्हणतात, आपल्याच विचारांचे लोक आहेत. तासभर खल होतो, मग कोणीतरी घड्याळ बघून म्हणतं की यादी आज प्रिंटला जायचीय, आणि ते नाव एकतर घातलं जातं नाहीतर उडवलं जातं. घातलं काय आणि उडवलं काय, दोन्ही वेळेला कारण चुकीचंच असतं.

मला म्हणायचंय ते असं की तो गट काय मानतो यावरून हे ठरतच नाही. किती धर्मांमधून काय काय उचललंय, कपडे कुठल्या रंगाचे, देव एक का अनेक, यातलं काहीही बघू नका. तिथल्या साध्या, पदबिद नसलेल्या माणसाने एखाद्या गोष्टीला "नाही" म्हटलं, किंवा "मी आता येत नाही" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी कोण बोलतं, त्याचे पैसे, त्याचं घर, त्याची पोरं कोणाकडे राहतात, हे बघा. तत्त्वज्ञान नंतर निवांत वाचता येईल.

विचित्र म्हणजे कल्ट, ही समजूत आधी काढून टाकूया. व्हिएतनाममधला काओ दाई घ्या. १९२६ साली रीतसर स्थापन झालेला धर्म, त्यात बौद्ध आहे, ताओ आहे, कन्फ्यूशियस आहे, ख्रिस्ती आहे, आणि त्यांच्या संतमंडळींमध्ये व्हिक्टर ह्यूगो आहे. हो, कादंबऱ्या लिहिणारा फ्रेंच लेखक, तोच. सुरुवातीचे संदेश म्हणे आत्म्यांना बोलावून मिळाले. ताय निन्हच्या त्यांच्या मुख्य मंदिरात मूर्तीच्या जागी एक भला मोठा डोळा बघायला मिळतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू येईल नाहीतर अंगावर काटा येईल, आणि तुमच्या समितीतला तो पहिला गृहस्थ तर तिथूनच परत फिरेल. पण लाखो लोक पिढ्यानपिढ्या हा धर्म पाळत आलेत, शेजारपाजाऱ्यांमध्ये राहून, आपापले उद्योगधंदे करून. चार धर्म एकत्र केले म्हणून कोणी कल्ट होत नाही, आणि सगळे धर्म सारखे असं म्हटलं म्हणून कोणी सज्जनही होत नाही.

सज्जन न होण्याचं उदाहरण म्हणजे जपानचा ओम शिनरिक्यो हा पंथ. सरमिसळ तिथेही होती, योग होता, तिबेटी बौद्ध साधना होती, शिव होता, आणि बायबलमधलं अखेरच्या युद्धाचं भाकीत पण होतं. १९८९ मध्ये त्यांना धर्मसंस्था म्हणून अधिकृत मान्यता मिळाली, म्हणजे कागदपत्रं एकदम चोख. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये, आत गेलेल्या मुलामुलींच्या आईबापांची बाजू घेऊन लढणारा एक वकील, त्याची बायको आणि त्यांचं जेमतेम वर्षाचं पोर, तिघांना संघटनेच्या माणसांनी रात्री घरात घुसून मारलं. पूर्णवेळ साधक व्हायचं तर सगळी मालमत्ता संघटनेला द्यायची आणि घरच्यांशी संबंध तोडायचा असा नियम होता. एक बाई पळून गेली तर तिचा पत्ता काढायला तिच्या भावालाच भररस्त्यातून उचललं, फेब्रुवारी १९९५ मध्ये, आणि तो त्यांच्या ताब्यातच मेला. पुढच्याच महिन्यात, २० मार्चला, टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला, डझनाहून जास्त माणसं गेली आणि हजारो आजारी पडली. जगाला ओम शिनरिक्यो कळला तो त्या दिवशी, पण ज्याने बाहेर पडायचा प्रयत्न केला त्याला तो कितीतरी आधी कळला होता. आणि तुमच्यासाठी खास सांगायची गोष्ट म्हणजे त्यांचा गुरू शोको असाहारा १९८७ मध्ये दलाई लामांना भेटला होता आणि तो भेटीचा फोटो संघटनेच्या प्रचारात पुढे सर्रास वापरला गेला. दलाई लामा तर कोणाकोणाला भेटतात, त्यांचा त्यात काय दोष. पण फोटोचा उपयोग कसा होतो ते लक्षात घ्या.

तुमचा मंच म्हणजे असाच एक फोटो आहे. तुम्हाला वाटतं आपण फक्त दहा मिनिटं बोलायला दिली. त्या दहा मिनिटांचा व्हिडिओ पुढची पाच वर्षं कुठे कुठे फिरतो हे तुम्ही कधी बघितलंय का? नव्या मुलीला आत घेताना तिच्या बापाला दाखवायला तो व्हिडिओ असतो, हे बघा, इतके मोठे मोठे धर्मगुरू आमच्या गुरुजींच्या शेजारी बसलेत. बाप काय म्हणणार?

आता अमेरिकेतल्या जिम जोन्स या पाद्र्याकडे या, कारण तिथे तर मानसन्मानांची रांगच लागली होती. त्याचं पीपल्स टेंपल हे चर्च १९५० च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये सुरू झालं तेव्हा काळे-गोरे एकाच बाकावर बसून प्रार्थना करायचे, त्या काळात अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती, आणि ते खोटं नाटक होतं असंही मला वाटत नाही. गरिबांना फुकट जेवण, म्हाताऱ्यांसाठी निवारा, व्यसन सुटायला मदत. पुढे कॅलिफोर्नियात गेले तेव्हा राजकारणी मंडळी दारात उभी असायची, सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर घेतलं, १९७७ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाचा मानवतेचा पुरस्कार मिळाला. हे सगळं बाहेरून दिसत होतं. आत काय होतं? सभासदांच्या घरादारांचे कागद संस्थेच्या नावावर, चूक केली की भरसभेत मारहाण, आणि सोडून जाणारा म्हणजे गद्दार. १९७७ मध्ये वर्तमानपत्रं-मासिकांत छापून यायला लागलं तेव्हा जोन्सने शेकडो लोकांना दक्षिण अमेरिकेतल्या गयानाच्या जंगलात, जोन्सटाउन या वस्तीत हलवलं. पोचल्या पोचल्या पासपोर्ट काढून घेतले. पत्रं उघडून वाचली जायची. लाउडस्पीकरवर दिवसरात्र त्याचाच आवाज.

नोव्हेंबर १९७८ मध्ये अमेरिकेतले खासदार लिओ रायन चौकशीला गेले, नातेवाइकांनी खूप मागे लागून त्यांना तिकडे जायला लावलं होतं. पहिल्या संध्याकाळी गाणंबजावणं, सगळं हसतंखेळतं, रायन स्वतः भाषणात म्हणाले की इथल्या काही लोकांना ही आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते असं दिसतंय, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्याच कार्यक्रमात कोणीतरी टीव्हीच्या पत्रकाराच्या हातात गुपचूप चिठ्ठी सरकवली, आम्हाला इथून बाहेर काढा म्हणून. ज्या जागेतून निघायला चिठ्ठी सरकवावी लागते तिथे टाळ्या कितीही होवोत. दुसऱ्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, रायन आणि बाहेर पडू इच्छिणारे जेमतेम डझन-दीड डझन लोक विमानापाशी पोचले आणि तिथे त्यांच्यावर गोळीबार झाला. रायनसकट पाच जण जागीच गेले. मग वस्तीत जोन्सच्या हुकमावरून सगळ्यांना विष. सगळे मिळून ९१८ माणसं मेली, त्यात लहान मुलं तीनशेच्या आसपास.

विष द्यायच्या वेळी जोन्सने घेतलेल्या शेवटच्या सभेचं रेकॉर्डिंग आहे. त्यात क्रिस्टीन मिलर नावाची एक बाई उभी राहून जोन्सला प्रश्न विचारते, रशियाला जाता येणार नाही का, फार उशीर झालाय का, आणि म्हणते की ही पोरं बघितली की वाटतं यांना जगायचा हक्क आहे. तिचा आवाज चढलेला नाही, ती भांडत नाहीये, नीट मुद्दे मांडतेय. जोन्स आधी उत्तरं देतो. पण तिला गप्प करतात ते तिच्याच आजूबाजूचे लोक, जोन्सला फारसं काही करावंच लागत नाही. मला त्या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात भयानक गोष्ट कुठली वाटते तर ही. कल्ट म्हटलं की आपण गुरूकडे बघतो, त्याचे डोळे, त्याची दाढी, त्याची गाडी. बघायचं असतं ते बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे, एकीने शंका काढली तर तो काय करतो.

ही जुनी गोष्ट झाली असं म्हणाल तर जवळची सांगते, आणि ती तर थेट तुमच्याच क्षेत्रातली आहे. सन म्युंग मून या कोरियन धर्मगुरूंनी १९५४ मध्ये सोलमध्ये युनिफिकेशन चर्च काढलं. पुढे त्याच परिवारातून आंतरधर्मीय परिषदा, शांतीदूत पुरस्कार, जागतिक शांतीसाठीच्या संघटना असं कितीतरी उभं राहिलं. २३ मार्च २००४ ला वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकन सिनेटच्या कार्यालयाच्या इमारतीत, असाच एक शांती पुरस्कारांचा कार्यक्रम ठेवला. सगळ्या धर्मांचे लोक, खासदार, आपल्या मतदारसंघातल्या कोणालातरी पुरस्कार मिळतोय म्हणून आलेले. आणि कार्यक्रमात मध्येच एका खासदाराने उशीवर मुकुट आणला, मून आणि त्यांच्या पत्नीच्या डोक्यावर मुकुट चढले, आणि मून यांनी भाषणात आपण मानवजातीचे तारणहार असल्याचं सांगितलं. नंतर बरेच पाहुणे म्हणाले की आम्हाला असलं काही होणार आहे याची कल्पनाच नव्हती. मला त्यांचं खरं वाटतं. निमंत्रणपत्रिकेवर शांती लिहिलेलं असलं की आपण खालचं बारीक अक्षर वाचतच नाही, तुम्हीही वाचत नाही, मीही टाइप करताना वाचत नाही.

जपानमध्ये याच चर्चवर वर्षानुवर्षं आरोप होत आले की पूर्वजांच्या पापाची भीती घालून लोकांकडून प्रचंड रकमा काढल्या जातात. ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली, मारेकऱ्याच्या आईने सुमारे १० कोटी येन या चर्चला दिले होते आणि घर धुळीला मिळालं होतं. आबे त्याच्या डोळ्यांवर आले कारण सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी चर्चशी संबंधित एका शांती संघटनेच्या कार्यक्रमाला व्हिडिओ संदेश पाठवला होता. हत्येचं समर्थन कोणीच करत नाही, मी तर नाहीच नाही. पण त्या एका संदेशाकडे त्या घरातून कसं बघितलं गेलं असेल याचा विचार करा. २०२२ च्याच डिसेंबरात जपानने भीती घालून देणग्या घेण्यावर बंदी आणणारा कायदा केला, आणि मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने चर्चची धर्मसंस्था म्हणून असलेली मान्यता काढून घ्यायचा आदेश दिला. कोर्टाने काय बघितलं? पैसे कसे गोळा केले आणि लोकांचं काय नुकसान झालं ते. मून खरेच तारणहार होते की नव्हते यात कोर्ट शिरलं नाही, आणि तुम्हीही शिरू नका.

आता उलट बाजू. वरवर बघितलं तर पक्का कल्ट वाटावा, आणि तरीही तसं म्हणता येत नाही असं एक उदाहरण इतिहासात आहे, आणि मला ते फार आवडतं. अकबराने १५७५ मध्ये फतेहपूर सिक्रीला इबादतखाना, म्हणजे धर्मचर्चेची इमारत, बांधला. आधी फक्त मुस्लिम विद्वान, मग हिंदू पंडित, जैन साधू, पारशी, आणि १५८० पासून गोव्याहून आलेले जेझुइट पाद्री. रात्र रात्र वाद चालायचे, आणि वाद म्हणजे खरेखुरे, तुमच्या मंचावर चालतात तसे एकमेकांना हार घालणारे नाहीत. इथपर्यंत सगळं आंतरधर्मीय. पण १५८२ च्या सुमारास तो ज्याला आपण दीन-ए-इलाही म्हणतो ते काढतो, आणि त्याचा कट्टर टीकाकार बदायुनी लिहितो की शिष्य होणाऱ्याने बादशहासाठी चार गोष्टींवर पाणी सोडायची तयारी दाखवायची: मालमत्ता, जीव, अब्रू आणि धर्म. बापरे! हे वाचून तुमच्या समितीतला कोणीही एका मिनिटात शिक्का मारेल, आणि राज्याची सगळी ताकद त्याच माणसाच्या हातात होती हे तर त्याहून वाईट.

पण पुढे बघा. राजा मानसिंगाला शिष्य होण्याबद्दल विचारलं गेलं तेव्हा तो म्हणाला, शिष्य होणं म्हणजे जीव द्यायची तयारी असेल तर ती मी आधीच दाखवलीय, आणि धर्माचं म्हणाल तर मी हिंदू आहे, तुम्ही सांगत असाल तर मुसलमान होतो, पण या दोघांशिवाय तिसरा रस्ता मला माहीत नाही. बादशहाच्या तोंडावर. हेही बदायुनीनेच लिहून ठेवलंय, म्हणजे अकबराचं कौतुक करण्यासाठी नक्कीच नाही. मग काय झालं मानसिंगाचं? काही नाही. विषय तिथेच संपला, तो सेनापती राहिला, सुभे सांभाळले, आणि पुढे सात हजारी मनसबदार झाला. दीन-ए-इलाहीत जाणारे मोजकेच निघाले, हिंदू सरदारांमध्ये नाव घ्यावं असा एक बिरबल, आणि अकबरानंतर ते प्रकरण विरून गेलं. शपथ कितीही भयंकर वाटो, नकार देणाऱ्याची बढती थांबली नाही, आणि मी म्हणते ती कसोटी हीच.

१८९३ च्या शिकागोच्या परिषदेचं नाव तुम्ही प्रत्येक भाषणात घेता, ११ सप्टेंबर तर तोंडपाठ. पण विवेकानंद २७ तारखेला, समारोपाच्या दिवशी, काय बोलले ते फारसं कोणी सांगत नाही. त्यांचा रोख असा होता की ख्रिश्चनाने हिंदू किंवा बौद्ध व्हायचं नाहीये, हिंदूने किंवा बौद्धाने ख्रिश्चन व्हायचं नाहीये, प्रत्येकाने दुसऱ्यातलं चांगलं पचवायचं आणि आपलं वेगळेपण ठेवून आपल्या पद्धतीने वाढायचं. आंतरधर्मीय चळवळ ओळखायची ती इथे. येताना जो धर्म घेऊन आलात तो जाताना तुमच्यापाशीच असतो, आणि वाटलंच बदलावासं तर ते तुमचं तुम्ही. कल्टमध्ये पण बुद्ध, येशू, कृष्ण सगळ्यांचे फोटो लावलेले असतात, पण नीट ऐकलंत तर प्रत्येक वाक्याचा शेवट एकाच जिवंत माणसापाशी होतो. हे सगळे यायचे होते ते आमच्या गुरूंची वाट मोकळी करायला. असाहाराने १९९२ मध्ये स्वतःला ख्रिस्त जाहीर केलं, मून येशूचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला आले होते. माहितीपत्रकातली चिन्हं मोजू नका, त्या चिन्हांच्या मध्यभागी कोणाचा फोटो आहे ते बघा. अर्थात तेवढ्यावरूनही निकाल देऊ नका, स्वतःला फार मोठं समजणारे पण निरुपद्रवी गुरू पैशाला पासरी आहेत.

हे सगळं वाचून आता तुमच्यातला उत्साही वर्ग संशयितांच्या याद्या करायला बसेल, म्हणून लगेच सांगते, कृपया नको. फ्रान्सच्या संसदीय समितीने १९९५ मध्ये हेच केलं होतं, पावणेदोनशेच्या आसपास गटांची नावं छापली. त्यात खरंच धोकादायक होते आणि जरा वेगळे म्हणून सापडलेलेही होते, आणि नाव छापून आलं की पुढे हॉल भाड्याने मिळेना, नोकरीत त्रास, असल्या तक्रारी सुरू झाल्या. शेवटी २००५ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की त्या यादीवर विसंबून राहू नका. त्यापेक्षा २००१ चा त्यांचा कायदा बरा म्हणायचा, कारण तो माणसाच्या दुबळ्या अवस्थेचा गैरफायदा घेण्याला गुन्हा मानतो, कोणी कशावर विश्वास ठेवावा यात पडत नाही. वाद त्याच्यावरही आहेत, पण निदान तो वागण्याकडे बघतो.

अमेरिकेत तर ७० च्या दशकात याहून भयंकर झालं, घाबरलेले आईबाप पैसे देऊन आपल्याच सज्ञान मुलांना पळवून आणायचे, खोलीत कोंडून दिवसेंदिवस त्यांच्याशी हुज्जत घालायचे, श्रद्धा काढून टाकण्यासाठी म्हणे. म्हणजे कल्टचा आरोप ज्यांच्यावर, त्यांचीच पद्धत यांनी उचलली. आणि गंमत म्हणजे, या मुलांच्या डोक्यावर कोणीतरी जादू करून ताबा घेतलाय हा जो समज होता तोही फारसा टिकला नाही. आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी याच मून यांच्या चर्चच्या शिबिरांचा बारकाईने अभ्यास केला, तर दिसलं की शिबिराला येणाऱ्या दहांपैकी नऊ जण सामील होतच नव्हते, आणि झालेल्यांपैकी बहुतेक दोनेक वर्षांत स्वतःहून बाहेर पडत होते. याच बाईंनी १९८८ मध्ये लंडनला इन्फॉर्म नावाची संस्था काढली, जी घाबरलेल्या नातेवाइकांना त्या त्या गटाची पारखून घेतलेली माहिती देते. तुम्ही असं काही केलंत तर मी पुढची सगळी टायपिंगची कामं फुकट करीन, तशीही फुकटच करतेय.

आणि आपणही सोवळ्यातले नाही हे मान्य करूया. सोडून जाणाऱ्याला वाळीत टाकणं, दुसऱ्या धर्मात लग्न केलं म्हणून पोरीचं नाव टाकणं, प्रश्न विचारला म्हणून पोराला नास्तिक ठरवून घरात बोलणं बंद करणं, हे जुन्या, प्रतिष्ठित, मंचावर पहिल्या रांगेत बसणाऱ्या धर्मांमध्येही चालतं. म्हणून कल्ट आणि धर्म यांच्यामध्ये एक जाड रेघ ओढून अलीकडे आपण आणि पलीकडे ते, असं मला मान्य नाही. सगळीकडे थोडंफार असतं. किती आहे, वाढतंय का कमी होतंय, तक्रार केली तर ऐकायला कोणी आहे का, हे विचारायचं. पीपल्स टेंपलचं सुरुवातीचं चर्च आणि शेवटची जंगलातली वस्ती यात वीसेक वर्षांचं अंतर आहे, आणि मधल्या काळात कोणी ना कोणी तिथून बाहेर पडून ओरडून सांगत होतं.

विचारायचं कसं, तर ते फार अवघड नाही. मागे एका कार्यक्रमात मी नोंदणीच्या टेबलवर होते, एका गटाचे सात-आठ जण आले, शिस्तीत, हसतमुख, सगळ्यांत आधी पोचलेले. त्यातल्या एका तरुण मुलाला मी फॉर्म दिला. नाव लिहिलं आणि फोन नंबरच्या रकान्यापाशी थांबला, मागे उभ्या असलेल्या ताईंकडे बघितलं, त्यांनी नंबर सांगितला, त्याने लिहिला. तो त्यांचाच नंबर होता, कारण आधीच्या फॉर्मवर तोच होता. पत्त्याच्या रकान्यात आश्रमाचा पत्ता. मी आपलं सहज विचारलं, घरी कोण कोण असतं, तर परत ताईंकडे बघितलं. ताई गोड हसून म्हणाल्या, आता आम्हीच त्याचं घर. मी ते समितीत सांगितलं तर उत्तर मिळालं की त्यांचं भजन फार सुंदर होतं. होतं खरंच सुंदर. मुद्दा तो नाहीये.

एवढ्यावरून तो गट वाईटच आहे असं मी म्हणणार नाही, कदाचित तो मुलगा बुजरा असेल, कदाचित त्याने खुशीने फोन सोडला असेल, साधू-संन्यासी सोडतातच. पण पुढचे दोन-चार प्रश्न विचारायला एवढं कारण पुरेसं होतं आणि ते कोणीच विचारले नाहीत. जो गट मंच मागतो त्याच्या प्रमुखांना न भेटता साध्या सभासदाला एकटं भेटा, दहा मिनिटं, शेजारी कोणी नको. गेल्या काही वर्षांत सोडून गेलेल्या कोणाचं नाव सांगता का, आम्हाला त्यांच्याशी बोलायचंय, असं विचारा. चांगल्या संस्थेत असं विचारलं की लोक म्हणतात हो, अमुक गेला, आमचं पटलं नाही, अजून दिवाळी-ईदला फोन येतो. वाईट संस्थेत सोडून गेलेला प्रत्येक जण एकतर वेडा असतो नाहीतर चोर नाहीतर सैतानाच्या नादी लागलेला. हिशेब मागा, तपासलेला, आणि सभासदांनाही तो दाखवला जातो का ते विचारा. आजारी पडलं तर डॉक्टरकडे कोण नेतं, नेतं का. मुलं कुठल्या शाळेत जातात. आत गेलेल्याने घर विकून पैसे दिले आणि वर्षभरात त्याचं मन बदललं तर त्याच्या हातात काय असतं. आणि मंच दिलाच तर निमंत्रणाबरोबर एक ओळ लेखी घ्या की इथले फोटो आणि व्हिडिओ भरतीसाठी किंवा देणगीसाठी वापरायचे नाहीत. ज्याला खरोखर संवाद हवाय तो सही करून मोकळा होईल.

काही जण चिडतील. आमच्या श्रद्धेवर संशय घेता, आम्ही नवीन म्हणून, आम्ही लहान म्हणून. त्यांचा राग रास्त आहे, म्हणून हेच प्रश्न जुन्यांनाही विचारा, पहिल्या रांगेतल्यांनाही, ज्यांच्या हॉलमध्ये तुम्ही दर वर्षी फुकट कार्यक्रम करता त्यांनाही. तिथे तुमची जीभ अडखळेल हे मला माहितीये.

एक शेवटचं मागणं आहे आणि ते मी समितीत दोनदा मांडून झालंय. तुमच्या प्रत्येक पत्रिकेवर वक्त्यांची नावं असतात, प्रायोजकांची असतात, पार्किंगची सूचनासुद्धा असते. त्याच पत्रिकेवर एक ईमेल पत्ता द्या, की मंचावरच्या कुठल्याही संस्थेबद्दल कोणाला, विशेषतः तिथून बाहेर पडलेल्या कोणाला, काही सांगायचं असेल तर इथे लिहा, नाव गुप्त राहील. आणि तो पत्ता उघडून वाचायला समितीबाहेरची, कुठल्याच संस्थेची नसलेली दोन माणसं नेमा. पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका अजून छापायला गेलेली नाही, मजकूर माझ्याकडेच आहे, तुम्ही हो म्हणालात तर आज रात्री त्यात ती ओळ घालते.

तुमचीच,
एक स्वयंसेवक